हातातला घ्यायचा की टीव्हीला लावायचा? गेमिंग कन्सोल घेण्याआधी हे वाचाच

गेल्या वर्षी दिवाळीच्या पंधरा दिवस आधी भोकरहून धाकट्या भावाचा फोन आला. ना हॅलो, ना कशी आहेस. थेट मुद्द्यावर. "ताई, कन्सोल घ्यायचाय. हातातला घेऊ का टीव्हीला लावायचा? तू सांग लवकर."

तो अकरावीला. मी नांदेडला रूमवर, मास कॉमचं शेवटचं वर्ष आणि सोबत इंटर्नशिप. पैसे म्हणजे माझ्या स्टायपेंडमधून साठवलेले काही, त्याला दहावीला मिळालेलं बक्षीस आणि 'सोयाबीन विकलं की बघू' असं पप्पांनी दिलेलं अर्धं वचन. सोयाबीनचा भाव काय होता ते तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे त्या वचनावर आम्ही फार भरवसा ठेवला नव्हता. थोडक्यात, चूक करायला जागाच नव्हती. एकदा घेतला की घेतला.

तुमच्यापैकी अनेकजण याच जागेवर उभे असणार. रील्स बघून वाटतं, हातातला भारी. मित्राच्या घरी मोठ्या टीव्हीवर क्रिकेट खेळलं की वाटतं, हाच घ्यायचा. पण रील बनवणाऱ्याच्या घरी लाइट जात नाही आणि त्याच्या टीव्हीवर सात वाजता आजीची मालिकाही लागत नाही. आपल्याकडे दोन्ही होतं. म्हणून हा लेख ग्राफिक्सबद्दल नाही, आपल्या घरात, आपल्या रूमवर नेमकं काय टिकतं त्याबद्दल आहे.

भांडण जुनंच आहे

हा प्रश्न आपल्या पिढीचा नाही बरं का. आमच्या मामांना विचारलं तर ते नव्वदच्या दशकात पोचतात. टीव्हीला लावायचा तो व्हिडिओ गेम, कॅसेट अडकली की काढून फुंकर मारायची, आणि मारिओ किंवा काँट्रा. मूळ यंत्र निन्टेन्डोचं, जपानमध्ये १९८३ साली आलेलं. भारतात ते 'समुराई' नावाने मिळायचं, आणि त्याच्या नकला 'लिटल मास्टर'सारख्या नावांनी गल्लोगल्ली पोचल्या. दुसरीकडे जत्रेत मिळणारा, पेन्सिल सेलवर चालणारा तो 'ब्रिक गेम'. वरून ठोकळे पडायचे, आपण रचायचे. तो एसटीत खेळता यायचा, शाळेत दप्तरात लपवता यायचा, आणि सरांनी पकडला की जप्तही व्हायचा.

म्हणजे एक घरातला, एक खिशातला. तेव्हाही हेच दोन प्रकार होते.

जगातही असंच घडलं. निन्टेन्डोचे डिझायनर गुनपेई योकोई यांनी ट्रेनमध्ये एका कंटाळलेल्या प्रवाशाला कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसलेलं पाहिलं आणि त्यातून त्यांना हातातल्या गेमची कल्पना सुचली, असं सांगतात. १९८० साली 'गेम अँड वॉच' आला आणि १९८९ मध्ये 'गेम बॉय'. गेम बॉयचा स्क्रीन रंगीत नव्हता, आत लाइटसुद्धा नव्हता. पण चार पेन्सिल सेलवर तो तासन् तास चालायचा. पुढच्याच वर्षी आलेल्या सेगाच्या 'गेम गिअर'चा स्क्रीन रंगीत, प्रकाश असलेला, दिसायला एकदम कडक. फक्त तो सहा सेल खायचा आणि तीन ते पाच तासांत बंद पडायचा. बाजारात जिंकला कोण? गेम बॉय. दिसायला भारी असलेल्या वस्तूपेक्षा हवी तेव्हा चालू असणारी वस्तू लोकांनी निवडली. ही गोष्ट खरेदीला जाताना डोक्यात असू द्या.

आज बाजारात काय आहे?

टीव्हीला लावायच्या प्रकारात दोन मोठी नावं. सोनीचं प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आलं. डिस्क लागणाऱ्या मॉडेलची तेव्हाची किंमत ४९,९९० रुपये. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एस त्याआधी नोव्हेंबर २०२० मध्ये ३४,९९० रुपयांना आला. त्याला डिस्कची खाचच नाही, सगळे गेम डाउनलोड करायचे. हे आकडे लाँचच्या वेळचे आहेत, आजचा भाव दुकानात विचारूनच धरा. यांच्याशिवाय सेकंडहँड बाजारात जुनं प्लेस्टेशन ४ भरपूर फिरतं.

हातातल्या प्रकारात सगळ्यात प्रसिद्ध निन्टेन्डो स्विच. २०१७ साली आलेला हा खरं तर दोन्हीकडचा पाहुणा आहे. हातात धरून खेळा, नाहीतर डॉकमध्ये ठेवून टीव्हीवर. स्विच २ जून २०२५ मध्ये आला. व्हॉल्व्ह कंपनीचा स्टीम डेक २०२२ चा. गंमत म्हणजे निन्टेन्डो आणि व्हॉल्व्ह, दोघंही आपली यंत्रं भारतात अधिकृतपणे विकत नाहीत. दुकानात दिसतात ती बाहेरून आणलेली. ही 'गंमत' पुढे किती महागात पडू शकते, ते सांगतेच. अधिकृतपणे मिळणाऱ्यांत असुसचा आरओजी अ‍ॅलाय आहे. जुलै २०२३ मध्ये तो ६९,९९० रुपयांना आला आणि त्यात चक्क विंडोज ११ असतं.

एका नावाने फसू नका. प्लेस्टेशन पोर्टल हातातला दिसतो, पण तो स्वतंत्र कन्सोल नाही. त्याच्यासाठी घरी प्लेस्टेशन ५ लागतं आणि चांगलं वायफायसुद्धा.

लाइट, इन्व्हर्टर आणि मे महिना

आता आपल्याकडचं गणित करू. प्लेस्टेशन ५ मोठा गेम चालवताना साधारण २०० वॉट खातं. रोज दोन तास धरले तर महिन्याला १२ युनिट. ३२ इंची टीव्हीचे तीन युनिट वेगळे. हातातला कन्सोल २० वॉटच्या आसपास, म्हणजे महिन्याला सव्वा युनिट. बिलाचा फरक आहे, पण त्यासाठी घरात भांडण होईल इतका नाही.

भांडण इन्व्हर्टरवरून होतं. घरातल्या नेहमीच्या १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीत कागदावर १,८०० वॉट-अवर असतात, प्रत्यक्षात हाती येतात त्याहून बरेच कमी. कन्सोल आणि टीव्ही मिळून अडीचशे वॉट ओढले तर चार-पाच तासांत बॅटरी बसणार. मग रात्री पंख्याचं काय? आमच्या घरी या प्रश्नावर आईने एका वाक्यात निकाल दिला, "इन्व्हर्टरवर खेळायचं नाही. विषय संपला."

आणखी एक. लाइट गेल्यावर इन्व्हर्टर चालू व्हायला क्षणभर लागतो. तेवढ्यात कन्सोल बंद पडून परत सुरू होऊ शकतो. नेमकं तेव्हा गेम सेव्ह होत असेल तर ती फाइल खराब होऊ शकते. इन्व्हर्टरला 'यूपीएस मोड' असेल तर तो लावा, आणि जुना स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर त्यावर कन्सोल नकोच. पावसाळ्यात वीज कडाडायला लागली की प्लग काढून ठेवा. हातातल्याला यातलं काहीच लागत नाही. लाइट गेली तरी खेळ चालू.

पण हातातल्याची बॅटरी तरी किती पुरते? स्टीम डेकच्या पहिल्या मॉडेलला कंपनीच दोन ते आठ तास सांगते, स्विच २ ला दोन ते साडेसहा. मोठा गेम खेळलात तर दोनच्या जवळ राहाल, आठच्या नाही. आणि तुमची पॉवरबँक मोबाईलची असेल तर तिच्या भरवशावर राहू नका. स्टीम डेकला ४५ वॉटचा चार्जर लागतो, साधी पॉवरबँक तेवढा जोर देत नाही.

उन्हाळा दोघांनाही वाईट. प्लेस्टेशन ५ साठी कंपनी ५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान सांगते. निन्टेन्डो स्विचलाही तेवढंच सांगते. २०२२ च्या उन्हाळ्यात जपानमध्ये उष्णतेची लाट आली, तेव्हा निन्टेन्डोला लोकांना तशी सूचना द्यावी लागली होती. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळीसच्या वर असतो आणि घरावर पत्रे असतील तर दुपारी आतलं काही विचारू नका. म्हणून टीव्हीखालच्या बंद कप्प्यात कन्सोल कोंबू नका, मागे वीतभर जागा ठेवा. आणि एप्रिल-मेमध्ये खेळायचं ते सकाळी किंवा रात्री.

डाउनलोडचं कुणी सांगत नाही

आजचा एक मोठा गेम १०० जीबीपर्यंत जातो. तुमचा मोबाईल पॅक रोज २ जीबीचा असेल तर एकच गेम उतरवायला ५० दिवस. तेही व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूब, लेक्चर सगळं बंद ठेवून! घरी फायबर असेल तर ठीक. नसेल तर डिस्क लागणारा कन्सोलच घ्या. अपडेट तिलाही लागतात, पण मूळ गेम डिस्कवरून चढतो.

डिस्कचा दुसरा फायदा खिशाला. नवा गेम चार-पाच हजारांचा. डिस्क असेल तर खेळून झाल्यावर विकता येते, मित्राशी बदलता येते. डाउनलोड केलेला गेम तुमच्या अकाउंटला चिकटलेला असतो. तो ना विकता येतो, ना भाऊबीजेला देता येतो. उलट स्टीम डेक किंवा अ‍ॅलायवर स्टीमचे सेल असतात, रुपयांत किमती असतात, आणि जुने चांगले गेम दोन-तीनशेतही मिळतात. म्हणजे हातातल्यात यंत्र महाग आणि गेम स्वस्त, टीव्हीच्यात बऱ्याचदा उलटं. दोन वर्षांचा खर्च एकत्र जोडून बघा, मगच स्वस्त कुठलं ते ठरवा.

माझे चौदा हजार कसे गेले

आता माझी फजिती. सेकंड इयरला असताना मी एका ग्रुपवर जाहिरात बघून बाहेरून आणलेला, वापरलेला हँडहेल्ड चौदा हजारांना घेतला. बिल नाही, वॉरंटी नाही, विकणारा म्हणाला, "ताई, एकदम मख्खन चालतो." दोन महिने खरंच चालला. भोकर-नांदेड रेल्वेत मी इतकी रमले की एकदा मुदखेड कधी गेलं तेच कळलं नाही. तिसऱ्या महिन्यात स्टिकला हात न लावताही पात्र आपोआप डावीकडे सरकायला लागलं. याला 'ड्रिफ्ट' म्हणतात. मग एक दिवस मागचं झाकण फुगलेलं दिसलं. बॅटरी फुगली होती.

मोबाईल रिपेअरवाल्या दादांनी बघूनच हात जोडले, "हे उघडायचा धंदा मी करणार नाही. चार्जिंगला पण लावू नका." ते बरोबर होते. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. विकणाऱ्याचा नंबर तोपर्यंत बंद झाला होता. घरी मी महिनाभर काही सांगितलं नाही. नंतर सांगितलं, तेव्हा पप्पा रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "सहा महिन्यांचं रूमभाडं होतं ते." रागावले असते तर बरं झालं असतं.

यातून शिकलेली गोष्ट: हातातल्या कन्सोलमध्ये स्क्रीन, बॅटरी, स्टिक सगळं एकाच डब्यात असतं. एक बिघडलं की सगळं अडतं. टीव्हीच्या कन्सोलचा कंट्रोलर बिघडला तर फक्त कंट्रोलर बदलतो. प्लेस्टेशन ४ ची तर हार्ड डिस्कसुद्धा स्क्रू काढून आपली आपल्याला बदलता येते, लॅपटॉपची साधी अडीच इंची लागते. म्हणून हँडहेल्ड घ्यायचाच तर भारतातली वॉरंटी असलेला घ्या. सेकंडहँड घ्यायचाच तर टीव्हीचा घ्या, आणि अर्धा तास चालवून, बिलावरचा सिरीयल नंबर जुळवूनच.

मुलींनी हे जरूर वाचा

एक गोष्ट मला कुठल्याच रिव्ह्यूत सापडली नाही. टीव्ही असतो बैठकीत. तिथे काका बसतात, पाहुणे बसतात. भाऊ तिथे पाय पसरून खेळतो तेव्हा कुणी काही म्हणत नाही. मी कंट्रोलर धरला की "परीक्षा झाली का ग?" सुरू. गेम पार्लरला तर आम्ही मुली जातच नाही. होस्टेलवर रात्री दहानंतर हेडफोन लावून माझी रूममेट जेव्हा तिच्या छोट्या हँडहेल्डवर अर्धा तास खेळते, तेव्हा ती कुणाला जाब देत नसते. ती नर्सिंगला आहे. दिवसभर वॉर्डात उभी राहून येते. तिच्यासाठी तोच कन्सोल प्रॅक्टिकल, मग कुणी काहीही म्हणो. होस्टेलवर कॉमन टीव्हीला कन्सोल लावायची परवानगी मिळणं अवघड, आणि पहिल्या मॉडेलचं साडेचार किलोचं प्लेस्टेशन ५ सुट्टीला एसटीतून घरी नेणं त्याहून अवघड. रूम सतत बदलणाऱ्यांनी, मुलगा असो की मुलगी, हातातलाच बघावा.

पण टीव्हीच्या बाजूनेही एक गोष्ट सांगते. हातातला कन्सोल एकट्याचा असतो. स्विचचे दोन कंट्रोलर सुटे करून दोघांना खेळता येतं हे खरं, पण छोट्या स्क्रीनवर चौघं कुठे वाकणार? टीव्हीवर अख्खं घर जमतं.

मग आम्ही काय घेतलं?

मी भावाला सांगायला निघाले होते, "हातातला घे." पुढच्या वर्षी तो बारावीच्या जोडीला नीटच्या क्लाससाठी लातूरला जायचं म्हणत होता. सोबत नेता येईल, कंटाळा आला की खेळता येईल, असा माझा हिशोब.

तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "ताई, हातातला नको. तो माझ्याजवळ राहिला तर मी रात्रभर खेळीन. मला माझं माहीत आहे. घरीच राहू दे त्याला."

मला यावर बोलता आलं नाही. सगळ्या रिव्ह्यूत 'कुठेही नेता येतो' हा हँडहेल्डचा पहिला गुण असतो. सतरा वर्षांच्या पोराला तोच त्याचा पहिला धोका दिसला. लातूरच्या रूमवर एकटा असणाऱ्या मुलासाठी उशीखालचा कन्सोल किती जड असू शकतो, हे मला त्याने शिकवलं.

शेवटी आम्ही ओळखीच्याकडून बिलासकट वापरलेलं प्लेस्टेशन ४ घेतलं. सोबत दोन कंट्रोलर आणि क्रिकेट २४ ची डिस्क. पप्पांच्या सोयाबीनला हात लावायची वेळ आली नाही. टीव्ही साधा होता, आता कन्सोलमुळे त्यावर यूट्यूब लागतं, त्यामुळे आईचा विरोध निम्मा संपला. सात ते नऊ टीव्ही आजीचा, हा करार झाला. दिवाळीत मावशीची पोरं आली, मामा आले, आणि ज्या मामांनी समुराईच्या कॅसेटला फुंकरी मारल्या होत्या त्यांनी भावाला पहिल्याच षटकात बोल्ड काढलं.

जूनमध्ये भाऊ लातूरला गेला. कन्सोल भोकरलाच आहे, वर रुमाल टाकून. सुट्टीला दोघं एकाच वेळी घरी असलो की चालू होतो. महिन्यातून दोनदा, कधी एकदाच. पैसे वाया गेले का? फोनवर तो आता पहिल्यांदा विचारतो, "ताई, तू कधी येणार?" माझ्यापुरतं उत्तर मिळालं.

घेण्याआधी स्वतःला विचारा

१. येत्या दोन वर्षांत मी कुठे राहणार? घरीच असाल तर टीव्हीचा, रूम किंवा होस्टेल असेल तर हातातला.

२. टीव्ही रोज माझ्या हातात किती वेळ येतो? तासाभरापेक्षा कमी असेल तर टीव्हीचा कन्सोल शोभेला राहील.

३. घरी फायबर आहे का? नसेल तर डिस्कची खाच असलेलंच मॉडेल.

४. बिघडलं तर नेणार कुठे? नांदेडला किंवा लातूरला कोण दुरुस्त करतं ते आधी विचारून या, मग पैसे द्या. वॉरंटी भारतातली आहे का तेही बघा.

५. लॅपटॉप आहे का? नसेल तर आधी लॅपटॉप. अ‍ॅलायला कीबोर्ड आणि मॉनिटर जोडून असाइनमेंट लिहिता येते हे खरं, पण सत्तर हजारांत चांगला लॅपटॉप येतो.

६. हा माझ्याजवळ राहिला तर मी थांबू शकतो का? हा प्रश्न दुकानदार विचारणार नाही, रीलवालाही नाही. तुम्हीच विचारायचा, आणि उत्तर खरं द्यायचं.

आणि ईएमआयवर? मी तरी घेणार नाही. खेळायला बसल्यावर डोक्यात हप्ता असेल तर तो खेळ कसला!